पश्चिमेची जाळी

"किती दिवसांचं धुराडं बांधू गं तुझ्यासाठी, इदालीना?"

अमांसियोचा तो आवाज. चुन्याच्या धुळीनं जरासा खरखरीत झालेला, छपरावरून खाली अंगणात उतरणारा. त्याला जाऊन सहा हिवाळे झाले होते, पण अंगण झाडताना, अंजिराखाली कपडे वाळत घालताना तो आवाज इदालीनाला अजून ऐकू यायचा आणि तिची मान आपोआप वर जायची.

आमच्या अल्गार्वात, पोर्तुगालच्या या दक्षिण टोकाला, गवंडी घरधन्याला हाच प्रश्न विचारतो. धुराड्याचा हिशेब विटांवर होत नाही, दिवसांवर होतो. एका दिवसाचं धुराडं म्हणजे गरिबाचं, चार भिंती आणि वर उपडं कौल. ऐपत वाढली की दिवस वाढतात, दिवस वाढले की चारी अंगांची धूर सोडणारी जाळी नाजूक होते, कळस उंच जातो. गावात शिरणारा माणूस आधी धुराडं बघतो, मग घर, आणि मग घरातली माणसं. एकदा केलेली जाळी गवंडी दुसऱ्या घरावर पुन्हा कधी करत नाही. जुळ्या पोरांनासुद्धा आईबाप एकच नाव ठेवत नाहीत, तसंच हे.

पण अमांसियो स्वतःच गवंडी आणि घरही त्याचं स्वतःचं. तेव्हा तो प्रश्न त्यानं नव्या नवरीला विचारला, छपराच्या कडेवर पाय सोडून, हसत. हाताला पीठ लागलेली इदालीना खालून ओरडली होती, "तुम्हाला कंटाळा येईल तितक्या दिवसांचं!"

त्याला कंटाळा आलाच नाही. पूर्वेची, उत्तरेची, दक्षिणेची जाळी लवकर झाली. पश्चिमेची, समुद्राकडची, काही पुरी होईना. लोकांची कामं आटोपून संध्याकाळी तो वर चढायचा आणि अंधारानं हात दिसेनासे होईतो खाली यायचा नाही. अंजिरं पिकली, सुकली, टोपल्यांत भरली गेली, तरी हा वरच. शेजारपाजारच्या बाया बदाम फोडायला बसल्या की इदालीनाची थट्टा करायच्या, नवरा धुराड्याशी लगीन लावून बसलाय म्हणायच्या. तिनंच मग त्यांच्या गाण्याला आपली ओळ जोडून दिली होती:

माझ्या गं धन्यानं जाळी विणली चुन्यात,
धूर नेसून उभी मी निळ्या उन्हात.

ती ओळ गावात राहिली. पुढे लग्न होऊन आलेल्या पोरीही ती म्हणायच्या, कुणाची ते माहीत नसताना.

आणि आता, एकोणीसशे एकोणसत्तर साली, बदामाचा बहर गळत असताना एका रात्री धरणी हलली. फार वेळ नाही, चार श्वास घेऊन सोडावेत इतकाच. सगळं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी अंगणात आलं आणि उजाडेपर्यंत तिथंच थंडीत देवाचं नाव घेत बसलं. माणूस कुणी गेलं नाही. पण उजाडलं तेव्हा गावाचं डोकं उघडं पडल्यासारखं वाटत होतं. निम्म्याअधिक धुराड्यांचे कळस खाली आले होते.

इदालीनाचं धुराडं उभं होतं, पण कौलांपासून वरपर्यंत एक भेग गेली होती, हाताचं बोट आत जाईल एवढी. आणि पश्चिमेची जाळी अख्खीच्या अख्खी निखळून अंगणातल्या दगडी टाकीवर आपटली होती. तिचा नुसता चुरा झाला होता.

निरोप गेला आणि क्रिस्पिम आला. क्रिस्पिम म्हणजे अमांसियोचा धाकटा भाऊ, तोही गवंडी. एकटा जीव, लग्न केलं नाही, गावाच्या खालच्या टोकाला राहायचा आणि रविवारी न चुकता वहिनीकडे जेवायला यायचा. वर्षानुवर्षं चुन्याची घमेली वाहून त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. तो शिडी लावून वर गेला, धुराड्याभोवती फिरला, भेगेला कान लावला, थापीच्या दांड्यानं इकडेतिकडे ठोकून बघितलं.

"काय म्हणतंय?" इदालीनानं खालून विचारलं.

"म्हणतंय, म्हातारा झालोय, मला उगाच ठोकू नका."

"चेष्टा पुरे, भाऊजी. जगेल का?"

"जगेल. मान धडधाकट आहे, कातडं फाटलंय. टाके घालू." तो उतरला, हात झटकले आणि टाकीपाशी पडलेल्या चुऱ्याकडे न बघताच म्हणाला, "पश्चिमेला मी साधी जाळी करतो. उभ्या पट्ट्या. वारा चांगला खेळतो."

"साधी नको."

"मग चांदण्यांची करतो. अजून कुठल्याच घराला केली नाही अशी."

"भाऊजी, जशी होती तशी हवी."

क्रिस्पिमनं हॅट काढली, आतला घाम पुसला, पुन्हा घातली. "कशी होती ते कुणाला आठवतंय आता?"

"मला आठवतंय," इदालीना म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, आपल्याला आठवत नाही.

मधोमध सहा पाकळ्यांचं फूल होतं. त्याच्याभोवती बदामाच्या आकाराच्या फटी होत्या. काठानं माशाच्या खवल्यांसारख्या कमानी होत्या. हे सगळं ती सांगू शकत होती. पण फुलाची पाकळी बदामाला कुठं टेकत होती? खवले वरच्या बाजूला तोंड करून होते की खालच्या? फुलाखाली काहीतरी होतं, एक वळण, देठ म्हणावा की पक्ष्याची मान म्हणावी असं. ते डावीकडे वळत होतं की उजवीकडे? रोज सकाळी अंगणात आल्याबरोबर जे पाहिलं, ज्याच्या फटींतून निघणाऱ्या धुरावरून वारा ओळखला, पाऊस ओळखला, ते डोळे मिटले की नुसतं पांढरं दिसत होतं.

तिनं चुऱ्यातले तुकडे वेचले. घोंगडी अंथरून त्यावर मांडले. शेजारची पेर्पेतुआ मदतीला आली, गुडघे धरून शेजारी बसली. डोक्याच्या रुमालावर काळी फेल्ट हॅट, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही, अशी ही पेर्पेतुआ.

"हा तुकडा इथं बसेल बघ, इदालीना."

"नाही बसत."

"मग हा?"

"तो टाकीचा दगड आहे, पेर्पेतुआ."

"असेल. सगळं पांढरंच." तिनं तुकडा खाली टाकला. "अगं, तुझी लेक तिकडून फ्रान्सहून सांगते आहे ना, गॅसची शेगडी घे म्हणून? धुराडं बंद करून टाक. माझ्या भावानं केलं. स्वयंपाकघरात आता काजळी नाही, काही नाही. नुसतं बटण फिरवायचं."

"आणि घर कशानं ओळखायचं?"

"दारावर नंबर लावतात हल्ली."

इदालीना हसली नाही. ती तुकडे हलवत राहिली. सुकलेला चुना तिच्या बोटांना लागत होता, आणि तिला वाटत होतं, अमांसियोचा चेहरासुद्धा असाच एक दिवस हातांत तुकड्या-तुकड्यानं राहील. भुवई आठवेल, हनुवटी आठवेल, पण भुवईपासून हनुवटीपर्यंत कसं जायचं ते आठवणार नाही. त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढलेला एक होता, तो कुणाच्या तरी बाळंतपणाच्या गडबडीत भिंतीवरून पडून ओलीनं गेला. त्याच्या हातचं म्हणावं असं जे होतं ते एवढंच, छपरावर.

क्रिस्पिमनं आधी भेगेचं काम घेतलं. परांची बांधली. भेग आतपर्यंत खरवडून काढली, ब्रशनं झाडली, पाण्यानं पुन्हा पुन्हा भिजवली, कारण कोरडी भेग ओल्या चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मग चुना धरत नाही. खड्ड्यात मुरलेला जुना चुना, ओढ्याची चाळलेली वाळू. कौलांचे पातळ तुकडे भेगेत आडवे घालून, दोन्ही काठ एकमेकांना बांधल्यासारखे करून तो चुना दाबत वर वर गेला. दिवसभर खाली घमेल्यांची ये-जा. इदालीनाच चुना कालवून दोराला बांधून द्यायची. तिला जमायचं. नवी नवरी असताना तिनं हे केलं होतं.

जेवायला तो खाली उतरायचा. मक्याच्या कण्यांची घट्ट पेज, त्यात शिंपल्या. एक दिवस पेज वाढता वाढता तिनं पुन्हा विषय काढला.

"भाऊजी, भेग भरत आली. आता पश्चिमेचं काय?"

"मी म्हटलं ना, चांदण्यांची करू. दादाच्यापेक्षा सरस करतो, बघा तुम्ही."

"सरस नको. त्यांची हवी."

"वहिनी, गवंडी कधी दुसऱ्याची जाळी करत नाही. स्वतःची केलेलीसुद्धा पुन्हा करत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"त्याच घरावर, त्याच जागी, तीच. ती दुसरी कशी होईल?"

"मला आठवत नाही म्हणतो ना!" तो एकदम मोठ्यानं बोलला. चमचा ताटलीत पडला. आजवर या घरात त्याचा आवाज चढला नव्हता.

इदालीनानं चमचा उचलून पुसला. मग हळू म्हणाली, "तुमच्या दादाचं माझ्याकडं काय आहे, भाऊजी? कपडे तुम्हाला दिले. अवजारं तुम्ही वापरता. लेक फ्रान्समध्ये, तिचा चेहरा माझ्यावर गेला आहे. छपरावर तेवढं होतं. तुम्हाला नाही जमत तर नाही जमत. पण मग तिथं भोक तसंच राहू द्या. पोत्यानं झाकते. चांदण्या नकोत."

क्रिस्पिम खाली मान घालून पेज खात राहिला. भांडं पुसून खाल्लं. उठताना नुसतं "बघतो" म्हणाला आणि गेला.

त्या रविवारी तो जेवायला आला नाही.

सोमवारी आला तो तोंड न उघडता थेट वर चढला. खिशातून एक सुतळी काढली. तिला जागोजागी गाठी मारलेल्या होत्या. ती सुतळी ताणून तो मापं घेत होता, वीट घासत होता, साच्यात चुना भरत होता, आणि कुठंही थांबत नव्हता, कुठंही मान तिरपी करून आठवत नव्हता. खालून इदालीना बघत होती. एक खवला लागला. दुसरा लागला. तोंडं खाली. हो! खालीच होती तोंडं. पावसाचं पाणी बाहेर निथळावं म्हणून. अमांसियोनं तिला समजावून सांगितलं होतं ना, ती भाकर घेऊन वर गेली होती तेव्हा! मग बदाम लागले. मग ते वळण, उजवीकडे मान केलेलं. पक्षी नव्हताच तो, देठच होता, आणि देठाला एक छोटंसं पान.

तिच्या हातातलं घमेलं खाली आलं. तोंडावर पदर धरावा तशी तिनं रुमालाची टोकं धरली आणि रडली, पोटातून, आवाज न करता. एकेक तुकडा बसत होता तसा अमांसियो तिला परत मिळत होता. भुवईपासून हनुवटीपर्यंत.

"कसं हो आठवलं तुम्हाला?" तिनं ओरडून विचारलं.

"आलं डोक्यात," वरून तुटक उत्तर.

"आणि ती सुतळी?"

"ती माझी सवय आहे."

तिनं त्या दिवशी शेवटचा सुका अंजीर-बदामाचा लाडू काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो त्यानं खाल्ला नाही. खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी पेर्पेतुआ विहिरीवर भेटली. "तुझा दीर म्हातारपणी बायको शोधायला लागला की काय गं?"

"का?"

"रविवारी डोंगराकडच्या बसमधून उतरला. मी माझ्या पुतण्याला घ्यायला गेले होते. बुटांना लाल माती, पँटला झाडोऱ्याचा चीक, आणि मला बघून असा वळला, जसं कोंबडी चोरून चालला होता! मी म्हटलं, अहो क्रिस्पिम, डोंगरातल्या बाया राकट असतात हो, तुम्हाला झेपायच्या नाहीत. तर हा हूं नाही की चूं नाही."

पेर्पेतुआ हसत होती. इदालीनानं कळशी भरली, उचलली, पुन्हा खाली ठेवली.

घरी येऊन ती चुलीपुढं बसली. वर छपरावर थापीचा आवाज येत होता. तो आवाज ऐकत तिनं एकेक गोष्ट पुढं ठेवली, जसे घोंगडीवर तुकडे ठेवले होते, आणि या वेळी तुकडे आपणहून एकमेकांना लागत गेले. पश्चिमेची जाळी झाली त्या साली क्रिस्पिम गावात नव्हता. तो लिस्बनला पलटणीत होता. त्यानं ती होताना पाहिलीच नव्हती. झालेली पाहिली म्हणावी, तर झालेली तिनंही पाहिली होती, रोज, त्याच्यापेक्षा जास्त, आणि तिला काढता आली नव्हती. आठवण अशी गाठींच्या सुतळीवर मोजून येत नाही. माप घ्यायला समोर काहीतरी लागतं.

म्हणजे समोर काहीतरी होतं. डोंगरात. तसंच.

आणि अमांसियो दरवर्षी, नोव्हेंबरातला मृतांचा दिवस आटोपला की, डोंगरात जायचा. मित्राची दारूची भट्टी आहे म्हणायचा. एक बाटली घेऊन यायचा, दोन दिवस कमी बोलायचा. तिनं कधी विचारलं नव्हतं. पुरुष माणसाला वर्षातून दोन दिवस गप्प बसू द्यावं, असं तिच्या आईनं सांगितलं होतं.

पेज करपली. तिच्या लक्षात आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं एक घर उभं राहिलं, लाल मातीतलं, दारात एक बाई, बाईच्या कडेला पोर, आणि पोराच्या चेहऱ्यावर जे तिच्या लेकीच्या चेहऱ्यावर नव्हतं ते सगळं. भुवई, हनुवटी. तिनं मनातल्या मनात त्या बाईला तरुण केलं, मग म्हातारी केली, मग काळे कपडे घातले. मग तिला वाटलं, मी इथं काळे कपडे घालून बसले तेव्हा तीही तिकडे बसली असेल. आणि गावानं माझंच सांत्वन केलं.

दुपारी क्रिस्पिम जेवायला उतरेना तेव्हा तीच शिडीनं वर गेली. गुडघे कुरकुरत होते. काळा घागरा वाऱ्यानं शिडीत अडकत होता. क्रिस्पिम परांचीवर बसून नव्या जाळीवर चुन्याची निवळी ब्रशनं लावत होता. त्यानं तिला बघितलं आणि घाबरला.

"वहिनी! अहो, पडाल! कशाला चढलात?"

"भाकर आणली नाही आज. पेज करपली." ती धुराड्याला टेकून कौलांवर बसली. समोर समुद्र होता, दुपारचा, रंग उडालेला. जाळी तिच्या हाताच्या अंतरावर होती. पूर्ण. जशी होती तशी.

"छान झाली," ती म्हणाली.

"तुमच्या मनासारखी झाली ना, मग झालं."

"त्या साली तुम्ही लिस्बनला होता, भाऊजी."

ब्रश थांबला. "कुठल्या साली?"

"आता मला नका विचारू कुठल्या साली."

ब्रशवरचा चुना टपटप खाली पडत राहिला.

"तुम्हाला खोटं येत नाही," इदालीना म्हणाली, "पेर्पेतुआसारख्या बाईला सुद्धा तुम्ही एक खोटं सांगू शकला नाहीत. डोंगरात कुणाकडं गेला होता? कोण आहे ती? पोरं आहेत का?"

"पोरं?" क्रिस्पिमनं चमकून वर बघितलं. "काय बोलताय, वहिनी! दादानं तुमच्याशिवाय... नाही हो! देवाशपथ नाही! तसलं मनातसुद्धा आणू नका."

"मग काय आणू मनात? तुम्हीच सांगा. सकाळपासून मी त्या बाईला माझ्या चुलीपुढं बसवून घेतलंय. तिला उठवायचं कसं ते सांगा."

क्रिस्पिमनं ब्रश बादलीत ठेवला. हात पँटला पुसले, बराच वेळ पुसले. मग हॅट काढून मांडीवर ठेवली. उघड्या डोक्याचा तो एकदम म्हातारा दिसला.

"तिला जाऊन जमाना झाला," तो म्हणाला. "झुल्मिरा म्हणून होती. डोंगरातल्याच एका शेतकऱ्याची लेक. दादा तिकडं एका चर्चच्या भिंतीच्या कामाला गेला होता, तेव्हा ठरलं. बापानं शेताच्या टोकाला जागा दिली. दादानं घर बांधलं. मी पोरगाच होतो, चुना वाहायला गेलो होतो त्याच्याबरोबर. ती खालून वर बघत बसायची, हाताची सावली करून. लग्नाची तारीख चर्चमध्ये वाचून झाली होती, वहिनी. आणि ताप आला. तिकडं त्या साली खूप जणांना आला. आठवडाभरात..." त्यानं हातानं नुसती हवा बाजूला सारली.

इदालीना समुद्राकडं बघत होती.

"दादा उतरून इकडं आला. परत कधी तिचं नाव काढलं नाही. मग तुम्ही आलात. मी पलटणीत होतो. सुटून घरी आलो, वळणावरून गावाकडं बघितलं आणि हे धुराडं दिसलं. माझे पाय जागच्या जागी राहिले. मला वाटलं, मी चुकून भलत्याच गावाला आलो."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"नाही. तोही बोलला नाही. मला कळलंय हे त्याला कळलं होतं. एवढंच. त्या दिवशी जेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी पेजेची तारीफ केली."

खाली अंगणात पेर्पेतुआची हाक आली, इदालीना, अगं इदालीना, चुलीवर काय जळतंय? कुणीच ओ दिली नाही. थोड्या वेळानं चपला फरफटत निघून गेल्याचा आवाज आला.

इदालीनानं हात लांब केला. जाळीला लावला नाही. बोटं नुसती फुलाजवळ नेली आणि तिथंच ठेवली, शेकायला ठेवावीत तशी.

"अंजिरं सुकेपर्यंत वर बसायचे ते," ती म्हणाली. "सगळं गाव मला हसायचं. आणि मी..." तिला ती ओळ आठवली, धूर नेसून उभी असलेली, आणि तिनं ती ओठांशीच मिटवली. "म्हणजे पहिली कुठली, भाऊजी? सांगा."

क्रिस्पिमनं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलायची एवढी सोपी संधी त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. एक शब्द, आणि वहिनी शिडीनं खाली उतरून पुन्हा पेज टाकायला बसली असती.

"तिथली," तो म्हणाला.

वाऱ्यानं बादलीतल्या चुन्यावर साय धरल्यासारखी एक सुरकुती आली. इदालीना हलली नाही. तिचा चेहरा वाळत घातलेल्या कापडासारखा झाला, रिकामा आणि ताणलेला.

"आणि ते अजून उभं आहे."

"आहे."

"धरणी तिकडंही हलली असेल."

"हलली. शेजारची दोन घरं बसलीत."

"माझं तडकलं," इदालीना म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "इतकी वर्षं मी त्याला सफेदी दिली. दर ईस्टरला. स्वतः चढून. माझं तडकलं आणि तिचं तसंच्या तसं."

क्रिस्पिम खाली वाकला. हॅट डोक्यावर घालावी की हातात धरावी हे त्याला कळत नव्हतं. पलटणीतून आल्या दिवसापासून जे त्यानं पेजेबरोबर, अंजिरांबरोबर, दर रविवारी या घरात गिळलं होतं, ते घशाशी आलं होतं, आणि आता ते परत खाली जाईना.

"ते कसं तडकेल, वहिनी? त्या घराला कुलूप लागलं ते लागलंच. रविवारी मी जाळीतून पार आतपर्यंत हात घातला, माप घ्यायला. हात जसा घातला तसाच पांढरा बाहेर आला. तिथं कधी कुणी चूलच पेटवली नाही."